बिनजोर

सन्मतीने घोडा उचलला आणि पद्मजाने पटाभोवतीची दोरी दोन्ही हातांनी धरली.

पटाच्या मधोमध बसलेला घोडा होता तो. मागून त्याला प्याद्याचा जोर होता. म्हणजे कुणी त्याला मारलंच, तर मारणाऱ्याला उलट मारायला प्यादं तयार होतं. त्याला तिथून हुसकावून लावायला समोरच्या मुलीकडे एकही प्यादं उरलं नव्हतं. असा घोडा हलवायचा नसतो. तो नुसता बसून राहतो आणि समोरच्याचा जीव मेटाकुटीला येतो. पद्मजाने स्वतः तरुणपणी असे घोडे चाळीस-चाळीस चाली बसवून ठेवून डाव जिंकले होते.

सन्मतीने तो घोडा नेऊन काळ्या राजाच्या तटबंदीवर आपटला. मोबदल्यात एक प्यादं.

दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या लोकांत कुजबुज झाली. समोरची मुलगी नागपूरची, चांगली तयारीची. तिने पटाकडे पाहिलं, मग सन्मतीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि नंतर बराच वेळ कुठेच पाहिलं नाही. तिला बचाव सापडला नाही. त्यापुढच्या अकराव्या चालीला तिने घड्याळ थांबवून हात पुढे केला.

"बाई, पोरीनं कात टाकली की," शेजारी उभे असलेले पंच हळूच म्हणाले. "गेल्या वर्षी हिच्या डावाला आम्ही डुलक्या काढत होतो."

पद्मजा हसली नाही. ती लेकीच्या हाताकडे बघत होती. सन्मतीने घोडा उचलला होता तो जळत्या घरातून वस्तू बाहेर काढावी तसा.

सही करून सन्मती गर्दीतून सरळ तिच्याकडे आली. अभिनंदन करणाऱ्यांना तिने उत्तर दिलं नाही. तिने आईचं मनगट धरलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली.

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"सकाळी जिना चढताना थांबलीस."

"हातात पिशवी होती."

"थांबलीस पण."

सकाळपासून तिने हे चौथ्यांदा विचारलं होतं.

*

पद्मजा मगदूम गेली सव्वीस वर्षं सांगलीत बुद्धिबळ शिकवत होती. तिचे वडील आप्पा यांनी काढलेलं मंडळ त्यांच्यामागे आता ती चालवायची. नव्या मुलांचा पहिला धडा नेहमी एकच असे. ती विचारायची, घराचं जोतं आणि तापल्या तव्यावरचा पाण्याचा थेंब, यांत फरक काय? जोतं आज आहे तसं उद्या असतं. थेंब नाचतो, चमकतो, त्यावरून नजर हलत नाही, पण त्याचं जे काही करायचं ते आत्ता करायचं. पटावर काही फायदे जोत्यासारखे असतात: चांगली प्यादी, बळकट घर, पक्का बसलेला घोडा. ते स्थिर फायदे. काही थेंबासारखे असतात: समोरच्याचे मोहरे अजून झोपलेत, त्याचा राजा उघड्यावर आहे, तुमची चाल आहे. ते चल फायदे. तीन चालींत वापरले नाहीत तर विरून जातात. चांगल्या खेळाडूला दोन्ही ओळखता यावे लागतात.

मगदूम घराण्याला जोतंच तेवढं ओळखता यायचं. सन्मती तर त्यात आईच्या आणि आजोबांच्याही पुढे. विसाव्या वर्षी ती कुणाला हरत नव्हती आणि कुणाला हरवतही नव्हती. मागच्या वर्षी तिने एक्केचाळीस डाव बरोबरीत सोडवले. मोठ्या किताबाला जिंकलेले डाव लागतात. समोर संधी आली की ती तिला दिसायची, पण जाणवायची नाही, आणि जाणवेपर्यंत थेंब उडून गेलेला असायचा.

अशा वेळी पुण्याहून डॉ. बेंद्रे आले होते. मेंदूविज्ञानाच्या एका खाजगी प्रयोगशाळेत ते काम करत. बोलायला मृदू, समोरच्याचं ऐकून घेणारे. त्यांनी पद्मजाला जे समजावून सांगितलं ते असं:

खेळाडू पट बघतो तेव्हा विचार सुरू होण्याच्या आधीच, सेकंदाच्या एक-तृतीयांशात, मेंदू त्या स्थितीला किंमत लावून मोकळा होतो. या किमतीची दोन अंगं असतात. एक, हे किती मोलाचं आहे. दुसरं, हे किती वेळ टिकेल. दुसऱ्या अंगाचा हिशेब मेंदूच्या खोल भागात वाटाण्याएवढ्या एका जागी होतो. बेंद्रे त्याला विरघळांक म्हणत. विरघळांक जास्त असला की माणसाला घाई वाटते, छाती भरून येते, हात पुढे होतो. कमी असला की माणूस निवांत राहतो. सन्मतीच्या मेंदूत तो जन्मतःच कमी लागत होता. सगळंच तिला टिकाऊ वाटे.

त्यांच्याकडे कपाळावर बांधायचा एक पट्टा होता. त्यातून निघणाऱ्या ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून आरपार जाऊन नेमक्या त्या वाटाण्यावर एकवटत. पडद्यावर एक स्थिती दाखवायची, ती विरघळणारी असेल तर त्याच क्षणी ती जागा चेतवायची. हजारो वेळा असं झालं की पट्ट्याशिवायही ती जागा स्वतःहून चेतते. बारा सत्रं. त्यानंतर तीन आठवड्यांत शिकलेलं घट्ट होतं. मातृभाषेसारखं, मग ते विसरता येत नाही.

"पण कुठली स्थिती विरघळणारी, हे यंत्राला कसं कळणार?" पद्मजाने विचारलं होतं.

"तीच अडचण आहे, मॅडम. संगणकाची इंजिनं नुसता एक आकडा देतात. फायदा कोणत्या जातीचा आहे ते सांगत नाहीत. ते फक्त माणसं सांगतात, बोलताना. आम्हांला अशी बोलणारी माणसं हवीत."

आप्पा बोलत. तीस वर्षं दर रविवारी सकाळी मंडळात मोठा पट भिंतीला टेकवून ते डावांवर बोलले, आणि कुणीतरी ते ध्वनिमुद्रित करत आलं होतं. अकराशे तास. पद्मजाने त्या साऱ्या मुद्रणांची पेटी बेंद्र्यांच्या गाडीत ठेवली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आप्पा नातीला शिकवणार, असंच तिला वाटलं होतं.

*

पहिली गेली ती शिरीन.

शिरीन सतारमेकर मिरजेची. सन्मतीच्या बरोबरीची, आठव्या वर्षापासूनची तिची मैत्रीण आणि सरावाची जोडीदार. आठ महिने खपून शिरीनने डावाच्या एका सुरुवातीत नवी वाट शोधली होती. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेसाठी तिने ती जपून ठेवली होती, आणि ती माहीत असलेली दुसरी व्यक्ती फक्त सन्मती होती. सत्रं संपली त्या आठवड्यात सन्मतीने तीच वाट इंटरनेटवरच्या एका फुटकळ डावात खेळून टाकली. दोन तासांत जगभर झाली.

शिरीन घरी आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"का केलंस?"

"ती वाट जाणारच होती, शिरीन. कुणालातरी सापडलीच असती. तूपण जाणार आहेस कधीतरी. मला राहवेना." सन्मती रडत होती. "तुझ्याकडे बघितलं की मला वाटायचं, हे आता संपतंय, आत्ता, काहीतरी कर."

"मग हे केलंस."

शिरीनने पुढे मैत्री तोडणारं एक वाक्य ऐकवलं ते पद्मजाला स्वयंपाकघरातही ऐकू आलं, आणि मग दार लागलं. चमत्कार असा की त्यानंतर सन्मतीचं रडू थांबलं. तिने तोंड धुतलं आणि पोहे मागून घेतले.

मग पाळी आईची आली. सन्मती दुपारी मंडळातून धावत घरी यायची, आई खुर्चीत बसलेली दिसली की दारातूनच परत जायची. कधी डबा खायला बसली की घास तोंडात धरून आईकडे बघत राहायची. तिने गॅसची टाकी बाहेर हलवली. जिन्याला कठडा होता, त्याला दुसरा लावून घेतला. तिचे वडील ती अकरा वर्षांची असताना जेवता जेवता गेले होते, त्यामुळे पद्मजाने आधी ते मनावर घेतलं नाही. पण आता या घोड्याच्या डावानंतर, सभागृहाबाहेर चहा घेताना, तिने सरळ विचारलं.

"तो घोडा का दिलास गं?"

"तो जाणारच होता."

"कोण मारणार होतं त्याला? जोर होता की त्याला."

"म्हणून तर," सन्मती म्हणाली. "त्याच्यामागे ते प्यादं उभं होतं ना, ते बघूनच मला भीती वाटली. जोर नसलेल्या मोहऱ्यांचं मला काही वाटत नाही, आई. जोर असला की वाटतं, हे आत्ता जाणार."

पद्मजाने चहा अर्धाच सोडला. घरी जाऊन तिने त्या डावाची चिरफाड इंजिनाकडून करून घेतली. घोडा देणं साफ चूक होतं. समोरची मुलगी गांगरली नसती तर सन्मती हरली असती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेने पाठवलेली आप्पांच्या मुद्रणांची टिपणं तिने पहिल्यांदा उघडली. एका बाजूला आप्पांचा आवाज, दुसऱ्या बाजूला त्याचा उतारा, आणि प्रत्येक वाक्यापुढे यंत्रासाठी लावलेली खूण: 'स्थिर' किंवा 'चल'.

आप्पांचा खोकला आला, खडूचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ह्या उंटाला दोन जोर आहेत. आता बसू दे की त्याला निवांत. काय घाई आहे?"

पुढे खूण होती: चल. विरघळांक: अति.

तिने दुसरं वाक्य ऐकलं. "हत्तीला हत्तीचा जोर, काळजी मिटली." चल. "हे प्यादं बिनजोर आहे, उचला आधी." स्थिर.

तिने दुपारपर्यंत ऐकलं. जिथे जिथे जोर होता तिथे तिथे खूण उलटी होती. आणि आप्पांच्या तोंडी दर चार वाक्यांना जोर हा शब्द होता, कारण सांगली-मिरजेच्या पटावर मोहऱ्याच्या पाठीशी उभ्या असलेल्याला दुसरा शब्दच नव्हता.

मग तिला तो फोन आठवला. मे महिन्यातला. ती आमटीला फोडणी देत होती. बेंद्रे म्हणाले होते, "मॅडम, एक छोटी शंका. तुमच्या वडिलांच्या बोलण्यात जोर फार येतो. जोर म्हणजे आवेग, आक्रमणाची ताकद, असंच ना?" पुण्याचा माणूस, स्वच्छ भाषा. आपल्या बोलीतला अर्थ सांगत बसलो तर गावठी दिसू, असं तिला वाटलं होतं. पुण्याच्या माणसांशी बोलताना ती नेहमी जिभेला इस्त्री करून घ्यायची. ती म्हणाली होती, "हो, साधारण तसंच."

तीन शब्द. त्यातले दोन तर नुसते भिडेचे.

तिने बेंद्र्यांना फोन लावला आणि या वेळी काही लपवलं नाही. पलीकडे बेंद्र्यांनी तीच टिपणं उघडली.

"म्हणजे आधार," ते म्हणाले. "आम्ही तिला हे शिकवलं की ज्याला आधार आहे ते विरघळतंय."

"आणि माणसांचं?"

"मेंदूत पटासाठी वेगळा वाटाणा नसतो, मॅडम. तोच एक आहे. पट, माणसं, घर, सगळ्यासाठी. जो तिला जितका आधार देतो तितका तो तिला आत्ता, या क्षणी, हातातून निसटताना जाणवत असणार. शेवटचं सत्र कधी झालं?"

"दहा दिवस झाले."

"अकरा दिवस आहेत. तोपर्यंत उलट सत्रं सुरू केली तर पुसता येईल. नंतर नाही."

*

सन्मतीला सारं समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. ती हुशार होती. तिने मध्येच थांबवून दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही अचूक होते.

"समजलं," ती म्हणाली. "मला उलटं शिकवलं गेलंय. मान्य. पण आई, कळून भीती जात नाही."

"जाईल. चल माझ्याबरोबर."

मिरज स्टेशनावर पुण्याची जलद गाडी लागली होती. पाच तासांचा प्रवास. पद्मजाने तिचा हात धरला, पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला, आणि जितकी माया केली तितकी सन्मती पांढरी पडत गेली. दारापाशी ती खाली बसली. तिला श्वास घेता येईना. "तू जा," ती पुटपुटत राहिली, "तू समोर असलीस की मला दिसतं, तू चाललीस." गाडी त्यांच्याशिवाय गेली.

बेंद्रे म्हणाले की तशा अवस्थेत आणून उपयोगही नाही. भीतीच्या लाटेत ती जागा आधीच पेटलेली असते. पट्ट्याचं त्या जागेला काही ऐकू येत नाही. औषधाने झोपवलं तर शिकणंच थांबतं. ती शांत आणि जागी हवी.

त्याच संध्याकाळी सन्मती मंडळाच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेली. बेलग्रेडच्या एका क्लबाने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, ते तिने आईला न सांगता स्वीकारलं होतं. गुरुवारचं विमान. खोलीच्या बंद दारामागून ती पद्मजाशी बोलली.

"मी तुला आधीच सोडून देते, म्हणजे मग तू गेलीस तरी चालेल."

"मी कुठं चाललीय, सन्मती? अठ्ठावन्न वर्षांची आहे मी. धडधाकट आहे."

"बाबाही धडधाकट होते." थोड्या वेळाने आवाज आला, "खोटं काय आहे त्यात, सांग. आधार देणारीच माणसं जातात. बाकीची जातात तेव्हा आपल्याला कळतही नाही. मला फक्त ते आधी दिसतं."

पद्मजा परत फिरली. जिना उतरताना तिला जाणवलं की ती कठड्याला घट्ट धरून उतरतेय, आणि वरून लेक तिची पावलं मोजतेय.

*

सोमवारी ती मिरजेला गेली. शिरीनच्या वडिलांच्या सतारींच्या कारखान्यात भोपळे टांगलेले होते आणि लाखेचा वास होता. शिरीनने तिला स्टूल दिलं.

"काकू, तुम्ही म्हणाल शिरीनचा राग गेला नाही. गेला नाहीच. पण एक सांगते. माझ्याशी ती आता छान बोलते."

"तुझ्याशी?"

"काल फोन आला. एका डावाबद्दल विचारायला. अगदी शांत. मी फटकून बोलले, तरी शांत. आधी माझ्याकडे बघून रडायची ती हीच का, असं वाटलं." शिरीन तारेचं वेटोळं हातात फिरवत राहिली. "मी तिच्या बाजूची राहिले नाही ना. म्हणून तिला माझी भीती वाटत नाही."

एका कारागिराने पद्मजासमोर चहा आणून ठेवला आणि तो निवून गेला.

"काकू," शिरीन हळू म्हणाली, "काय करायचंय मनात?"

"नुसतं तोंडानं बोलून तिला पटायचं नाही," पद्मजा म्हणाली. "ती मोजून बघणारी पोरगी आहे. माझ्या हाताखालची."

घरी येऊन तिने बुद्धिबळ महासंघाला पत्र लिहिलं. नियम असा होता की खेळाडूच्या मेंदूवर ज्याचा परिणाम टिकून राहतो असं कोणतंही साधन आधी जाहीर करावं लागतं. सन्मतीने ते केलं नव्हतं. खरं म्हणजे ते करायचं काम प्रशिक्षक म्हणून पद्मजाचंच होतं. तिने तेही लिहिलं. गेल्या दोन महिन्यांतले सन्मतीचे सगळे डाव बाद धरावेत, अशी विनंती केली. त्यात किताबाकडे नेणारा तो घोड्याचा डावही होता. तिने पत्र तीनदा वाचलं आणि पाठवलं. आयुष्यभर तिने मोबदला मोजल्याशिवाय प्यादंही दिलं नव्हतं. या वेळी मोजायला काही दिसतच नव्हतं.

मंगळवारी दुपारी महासंघाचं उत्तर दोघींना एकदमच आलं: डाव स्थगित, चौकशी सुरू. पद्मजा माडीवर गेली. दार उघडं होतं. सन्मती खिडकीला पाठ टेकून उभी होती, अंग चोरून, आईच्या पहिल्या मायेच्या शब्दाचा मार झेलायला तयार असल्यासारखी.

"हे तू केलंस?"

"मी केलं."

"मला वाचवायला?"

इथेच सगळं होतं. पद्मजाने खुर्ची ओढली, बसली, आणि आवाजातला ओलावा काढून घेतला.

"तुला वाचवायला कशाला? मंडळ माझं आहे, नाव आप्पांचं आहे. तुझ्यामुळे ते बदनाम व्हायच्या आत मी माझं बघितलं. नऊ वर्षं तुझ्यासाठी थांबले. तुझा बाप गेला तेव्हा मला नाशकाला चांगली नोकरी मिळत होती, ती सोडली. फुकट सोडली, असं आता वाटतं. बेलग्रेडला जा, नाहीतर कुठंही जा. माझ्या घरी परत येऊ नकोस."

नाशिकची नोकरी खरी होती. तेवढं एकच खरं होतं.

सन्मती तिच्याकडे बघत होती. सुरुवातीला ओठ हलले. मग पद्मजाने ते होताना पाहिलं: लेकीचे खांदे खाली आले. मुठी उघडल्या. कपाळावरची शीर, जी कित्येक दिवस ताठ होती, ती विरली. सन्मतीने खोल श्वास घेतला, पहिलाच पूर्ण श्वास, आणि तिचा चेहरा इतका स्वस्थ झाला की पद्मजाला ओरडावंसं वाटलं.

"चौकशीला काय लागेल?" सन्मतीने विचारलं.

"पुण्याला तपासणी."

"उलट सत्रंही तिथंच होतात ना? मग दोन्ही एकदम उरकते. या डोक्यानं बेलग्रेडला खेळून माझंच नुकसान आहे, तो घोडा चुकलाच होता." ती टेबलावरचे कागद गोळा करू लागली. जरा वेळाने मान वर करून म्हणाली, "तुम्ही येणार आहात का, की मी एकटी जाऊ?"

लहानपणी बोलायला लागल्यापासून तिने आईला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

*

गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. सन्मती खिडकीतून उसाची शेतं बघत होती, मध्येच तिला झोपही लागली. पद्मजा तिच्याकडे बघणं टाळत होती. डोळ्यांत काही दिसलं तर सगळं जाईल, ही भीती तिला कराडपर्यंत, साताऱ्यापर्यंत, पुण्यापर्यंत पुरली.

बेंद्र्यांनी तिला बाजूला घेतलं. ते आठवडाभरात वाळले होते.

"खुणा सगळ्या सुधारल्या आहेत. शिरीनला बोलावून जोराच्या वाक्यांचा अर्थ तपासून घेतला. सात सत्रं पुरतील." ते चष्मा पुसत राहिले. "पण तुम्हांला एक सांगायला हवं. ती जागा आता नव्याने शिकणार आहे, आधार कुठे आहे आणि कुठे नाही ते. या दिवसांत ती तुम्हांला ज्या खान्यात ठेवेल, तिथेच तुम्ही कायमच्या राहाल."

"आणि मी तिला खरं सांगितलं तर?"

"आत्ता सांगितलंत तर पुन्हा भीती, आणि सत्रं वाया. सत्रांनंतरच्या तीन आठवड्यांत सांगितलंत तर दोन धडे एकमेकांत गुंततील. त्यानंतर सांगा. तिला समजेल."

"समजेल," पद्मजा म्हणाली. "जाणवेल का?"

बेंद्र्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

सातव्या दिवशी काचेपलीकडे सन्मतीच्या समोर पट मांडला होता. मधोमध घोडा, मागे प्यादं. सहायक बाईंनी तिची चाल विचारली. सन्मतीने तो घोडा पाहिला आणि हात मांडीवरच ठेवला. तिने दुसरीकडचं एक साधं प्यादं एक घर पुढे सरकवलं. तिच्या कपाळावर घाम नव्हता. मग तिने फोन मागून घेतला आणि शिरीनला लावला. काचेमुळे ऐकू येत नव्हतं, पण ती माफी मागत होती, हुंदके देत होती आणि मध्ये हसतही होती. माणसाने रडावं तसं ती रडत होती.

ती बाहेर आली तेव्हा पद्मजा बाकावरून उठली. हात आपोआप पुढे झाला होता. तिने तो पदरात गुंडाळला.

सन्मतीने तिच्याकडे पाहिलं. नजरेत भीती नव्हती. काहीच नव्हतं. स्टेशनावर शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघावं तसं तिने पाहिलं.

"माझं झालं. शिरीन घ्यायला येतेय," ती म्हणाली. "तुम्हांला उशीर होत असेल."

"नाही. मी थांबते."

"कशासाठी?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. एकवीस दिवस, पद्मजा मनाशी म्हणाली, आणि पुढचे किती ते कुणालाच माहीत नाही.

"तक्रार माझी आहे," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बघायला हवं."

"तेही खरंच," सन्मती म्हणाली, आणि मोठ्या माणसांचा मान ठेवावा तशी भिंतीकडची खुर्ची तिच्यासाठी ओढून दिली. "बसा."